निवळीचे बी

फसली सन तेराशे सत्तावन्न, शके अठराशे सत्तर, वैशाख वद्य सप्तमी; मुक्काम करंजवाडीचा फाटा, सोलापूर-हैदराबाद सडक, नळदुर्गाच्या पूर्वेस दोन कोस, जिल्हा उस्मानाबाद, अंमल निजाम सरकारचा. जी हकीकत मी सांगणार आहे तिचा शेवट या तिथीस आणि या जागी झाला. स्थळकाळ आधी नोंदवून ठेवणे मला अगत्याचे वाटते. पुढे या गोष्टीविषयी ‘असे कधी घडलेच नाही’ म्हणणारे निघाले, आणि ‘तेव्हा सगळीकडे असेच घडत होते’ म्हणणारेही निघाले. पहिले विधान खोटे आहे. दुसरे खरे आहे, परंतु त्याने कोणाची तहान भागत नाही.

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. मातीच्या भांड्याची साक्ष ती काय धरायची, अशी शंका तुमच्यापैकी चिकित्सक मुले घेतील, आणि ती त्यांनी अवश्य घ्यावी. तिचे उत्तर असे की, त्या दिवशी फाट्यावर जी माणसे होती त्यांना सर्वांना बोलता येत होते; आणि खरे काय ते ठाऊक असलेला जो एकच मनुष्य बोलला असता तर उपयोग झाला असता, तो खोटे बोलला. तेव्हा साक्षीदाराला जीभ असणे ही काही मोठी पात्रता नव्हे.

माझा जन्म सास्तूरच्या गुरुसिद्धप्पा कुंभाराच्या अंगणात झाला. रांजण चाकावर पुरा होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. चाकावर फक्त त्याचा गळा आणि खांदा निघतो. मग आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याचे पोट वाढवावे लागते. गुरुसिद्धप्पाने मला नऊ दिवस ठोकले. मातीत घोड्याची लीद आणि चाळलेली राख होती. ती भट्टीत जळून जाते, तिच्या जागी सुईच्या अग्राहून बारीक छिद्रे राहतात, आणि त्या छिद्रांतून पाणी अहोरात्र पाझरत असते म्हणूनच रांजणातले पाणी गार राहते. जे भांडे मुळीच झिरपत नाही ते पाणी गार करू शकत नाही. हा आमच्या जातीचा गुणधर्म आहे. यातून काही बोध काढायचा असेल तर तो तुमचा तुम्ही काढा.

त्याच ढिगातल्या मातीचा, त्याच दिवशी, त्याच भट्टीत आणखी एक रांजण भाजला गेला. आम्ही दोघे गवतात गुंडाळून एकाच गाडीतून करंजवाडीला आलो. गावचे बब्रुवान पाटील यांनी आपल्या दिवंगत आईच्या नावे सडकेच्या कडेला, एका मोठ्या करंजाच्या सावलीत, पाणपोई घातली होती. पाणपोई एक, सावली एक, विहीरही एकच. परंतु रांजण दोन. माझ्या गळ्यावर गेरूची रेघ ओढली, माझ्या भावाच्या गळ्यावर चुन्याची. गेरूचा रांजण कोंडीराम कोळ्याने भरायचा, कारण कोळ्याच्या हातचे पाणी गावात सर्वांस चाले. चुन्याचा रांजण मकबूल पखालजीने भरायचा, आणि तो मुसलमान वाटसरूंसाठी. महारवाड्यातील माणसाला यांपैकी एकाही रांजणाजवळ येण्याची मुभा नव्हती. त्याने सडकेच्या कडेला ओंजळ धरायची आणि कोंडीरामने उंचावरून धार सोडायची. ही व्यवस्था न्याय्य होती काय, असे मला कोणी विचारले नाही. आता तुम्ही विचारले असे समजून सांगतो: नव्हती. तहान तिन्ही ठिकाणी एकाच चवीची असते, हे मी तीन उन्हाळे पाहिले आहे.

त्या तीन उन्हाळ्यांतला शेवटचा मला दिवसवार आठवतो, आणि त्यातल्या लहानसहान सवयींविषयीच मला अधिक सांगायचे आहे. मोठ्या घटना लोक लिहून ठेवतात. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला रोज कोणती शिवी दिली, हे कोण लिहून ठेवणार?

पाडव्याला आम्हां दोघांची धूळ झाडून, खाली वाळूची बैठक करून, भोवती ओले गोणपाट बांधले जाई. मग झुंजुरक्याला, उजाडायच्या आत, प्रथम रेड्याच्या गळ्यातली घुंगरे ऐकू येत. त्या रेड्याच्या पाठीवर मकबूलची कातड्याची पखाल असे. रेड्याचे नाव नवाब. त्यामागोमाग कोंडीराम खांद्यावर कावड घेऊन धापा टाकीत येई. मकबूल सत्तरीच्या पुढचा, कोंडीराम त्याहून दोन वर्षांनी लहान. आणि त्या दोन वर्षांवरून त्यांची रोज तक्रार असे.

“आला का रे पोरा?” मकबूल म्हणे. “म्हाताऱ्या माणसाला वाट बघाय लावतोस.”

“तुझं काय, मियाँ. तुझं पाणी नवाब वाहतोय. माझं मला वाहावं लागतंय.”

“मग तूबी ठेव की एखादा नवाब.”

“हळू बोल. नाक्यावरचा शिपाई ऐकंल, तर उद्यापासनं रेड्याला सलाम ठोकावा लागंल आपल्याला.”

या विनोदावर ते दोघे रोज हसत. रोज तोच विनोद असे. ज्यांना पुनरुक्ती हा दोष वाटतो त्यांनी साहित्याचा विचार केला असेल, सोबतीचा केलेला नाही.

त्यांचा एक नियम होता, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरणार आहे म्हणून नीट ध्यानात ठेवा. दोन्ही रांजण भरून झाल्यावरदेखील पहिला वाटसरू प्याल्याशिवाय ते दोघे पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. हा नियम त्यांना कोणी घालून दिला नव्हता. एवढी ओझी वाहून घसा कोरडा पडलेला असे. तरी ते सडकेकडे डोळे लावून बसत. गाडीवान येई, किंवा डोक्यावर गाठोडे घेतलेली कोणी बाई येई. कोंडीराम लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घाली. पिणारा पिऊन झाल्यावर ‘हाऽ’ असा एक आवाज करतो. तो ऐकला की हे दोघे एकमेकांकडे बघत, आणि मग आपापल्या रांजणातले पाणी पीत. त्या ‘हाऽ’पेक्षा मोठा सन्मान माझ्या आयुष्यात मला मिळाला नाही, आणि मिळावा अशी इच्छाही नव्हती.

दुपारी सडक तापून ओस पडे. मग करंजाखालच्या फरशीवर कोरलेल्या पटावर वाघ-शेळीचा डाव मांडला जाई. कोंडीरामच्या फडक्यात फुटाणे असत, मकबूलच्या खिशात गुळाचा खडा. एकाचा गूळ दुसऱ्याने खाल्ल्याने बाट लागतो की नाही, यावर त्यांनी एकदा पुष्कळ वाद केला होता. शेवटी गूळ कोरडा असतो आणि कोरड्याला बाट नसतो, असा निकाल कोंडीरामने दिला आणि गूळ तोंडात टाकला. माझ्या गोणपाटाच्या खालच्या टोकाला ठिबकणाऱ्या थेंबावर एक चिमणी येई. तिच्यासाठी मकबूलने तिथे एक खापरी ठेवली होती.

मित्रांनो, एवढेच आमचे सुख होते. ते लहान होते हे मला मान्य आहे. परंतु ते खोटे होते असे कोणी म्हणेल तर ते मी ऐकून घेणार नाही.

वैशाख लागला आणि दोन गोष्टी झाल्या. विहिरीचे पाणी तळाला जाऊन गढूळ येऊ लागले, आणि सडकेवरची माणसे बदलली. पूर्वेकडच्या गावांतून लोक घरेदारे सोडून सोलापुराकडे, सरहद्दीपलीकडे, निघाले होते. गाड्यांवर धान्य, अंथरुणे, कधी उलटी टांगलेली कोंबडी. रझाकारांनी अमुक गाव जाळले, तमुक ठिकाणी माणसे कापली, अशा वार्ता ते सांगत. आणि त्यांतल्या बहुतेक वार्ता खऱ्या होत्या. ते पाणी पीत, परंतु ‘हाऽ’ म्हणत नसत. पिताना त्यांची नजर मकबूलच्या दाढीवर असे.

गढूळ पाण्याला पूर्वी तुरटी फिरवीत. ती सोलापुराहून येई. त्या वर्षी सरहद्दीवर नाकेबंदी होती, आणि तुरटी मिळेनाशी झाली. तेव्हा मकबूलने आपल्या बापाच्या वेळची युक्ती काढली. त्याच्या कमरेच्या बटव्यात निवळीच्या बिया होत्या. निवळी हे रानातले झाड. त्याचे वाटोळे, करड्या रंगाचे बी रांजणाच्या आतल्या खरबरीत अंगावर घासले, की गाळ तळाला बसतो आणि वरचे पाणी नितळ होते. आमच्या भागात ही विद्या फारशी कोणास ठाऊक नव्हती. त्यातून निवळीचे बी आणि काजऱ्याचे बी यांत लांबून पाहणाऱ्याला साम्य वाटते. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. काजरा मात्र जहर आहे. पिसाळलेली कुत्री मारायला त्याचे बी उगाळून भाकरीत घालीत, आणि हे सर्वांना ठाऊक होते.

एका पहाटे मकबूल माझ्या तोंडाशी वाकून म्हणाला, “कोंडीबा, तुझं पाणी बघ. म्हशी लोळून गेल्यावानी झालंय.”

“तुझं तरी काय गुलाबजल हाय?”

“माझं निवळलंय. ये, बघून जा. नुस्तं बघ हां, शिवू नको. बाटशील.”

कोंडीरामने पाहिले. मग त्याने एक बी मागून घेतले आणि माझ्यात हात घातला. परंतु वाताने त्याची बोटे आखडलेली होती. बी दोनदा निसटून तळाला गेले. तो काही वेळ तसाच, काखेपर्यंत हात माझ्यात घालून, उभा राहिला.

“तू घास,” तो म्हणाला.

“मी? तुझ्या रांजणात? गावाला कळलं तर?”

“गाव दिस उगवल्यावर येतंय. तू झुंजुरक्यात घास.”

“आन् तुझा धरम?”

“गाळासंगं तळाला बसंल. घास लवकर.”

मकबूल हसला आणि त्याने बाही वर केली. त्या दिवसापासून रोज पहाटे तो प्रथम मला घाशी, नंतर माझ्या भावाला. त्याचा हात माझ्या आतून वर्तुळाकार फिरे. नऊ दिवस मला आतून आधार देणाऱ्या गुरुसिद्धप्पाच्या हातानंतर असा हात माझ्यात गेला नव्हता. दुपारच्या डावात त्याच बिया शेळ्या होत, वाघ चिंचोक्यांचे. आणि सारा गाव गेरूच्या रांजणाचे नितळ पाणी पिऊन म्हणे, “कोंडीराम, तुझ्या हाताला गुण हाय बाबा.” कोंडीराम ती स्तुती ऐकून घेई. मकबूल दुसरीकडे तोंड करून हसे. ही कोंडीरामची पहिली चूक. ती इतकी लहान होती की तिला चूक म्हणावे की नाही, यावर मी अजून स्वतःशी वाद घालतो.

वद्य सप्तमीच्या पहाटे दोन गाड्या करंजाच्या मागल्या अंगाला येऊन थांबल्या होत्या. त्यांचे गाव आठ दिवसांपूर्वी जळाले होते. गाड्यांत द्वारकाबाई नावाची एक विधवा होती, आठ दिवसांची विधवा. तिची पाच वर्षांची मुलगी, तिचा दीर केरबा आणि आणखी सहासात माणसे. आमच्या दोघा म्हाताऱ्यांना त्या गाड्या अंधारात दिसल्या नाहीत. केरबा मात्र जागा होता. एक दाढीवाला मनुष्य रांजणात काखेपर्यंत हात घालून काहीतरी घासतो आहे, हे त्याने पाहिले. त्या वेळी त्याला त्याचा अर्थ लागला नाही.

उजाडल्यावर मुलीने पाणी मागितले. त्या दिवसाची पहिली वाटसरू तीच. कोंडीरामने ओगराळ्याने पाणी घातले. ती प्याली, चार पावले गेली आणि भडाभडा ओकली. मग तिला जुलाब सुरू झाले, हातपाय वळू लागले, डोळे आत गेले.

आदल्या संध्याकाळी ती मुलगी वाटेतल्या नाल्याच्या डबक्यातले हिरवे पाणी प्याली होती आणि रात्रभर तिचे पोट दुखत होते. हे द्वारकाबाईला ठाऊक होते. परंतु तिला कोणी विचारले नाही, आणि ती मुलीला मांडीवर घेऊन आक्रोश करीत होती.

“म्या बघितलंय!” केरबा ओरडला. “त्या दाढीवाल्यानं रांजणात कायतरी घासलंय! पहाटंच! म्या डोळ्यांनी बघितलंय!”

मकबूलचा बटवा ओढून काढला. बिया फरशीवर, वाघ-शेळीच्या पटावर, सांडल्या. एकाने त्यातली एक उचलली.

“काजरा हाय ह्यो. आमी कुत्र्यांना घालतो.”

केरबाने गाडीतली कुऱ्हाड घेतली. तेवढ्यात गावातून बब्रुवान पाटील धावत आले. मित्रांनो, पाटील दुष्ट नव्हते, हे मी आग्रहाने सांगतो. कारण दुष्टांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील आणि त्यांपासून सावध राहणे सोपे असते. पाटील विचारी होते. म्हाताऱ्याचा खून पडला तर नळदुर्गाहून रझाकारांची टोळी येऊन गाव जाळील, आणि म्हाताऱ्याला सोडले तर करंजवाडीकर विष घालणाऱ्याला पाठीशी घालतात अशी वार्ता सोलापूरपर्यंत जाईल. त्यांना न्यायही हवा होता आणि गावही वाचवायचे होते.

“कुऱ्हाड खाली,” ते म्हणाले. “माझ्या शिवारात रगत सांडायचं न्हाई. मकबूलचाचा, हे काय हाय?”

“निवळी, पाटील. पाणी निवळतं त्यानं.”

“कोळ्याच्या रांजणात तुमचा हात कसा गेला?”

मकबूलने बाही मनगटापर्यंत खाली ओढली. पाटील कोंडीरामकडे वळले. सगळेच वळले. त्यांत गावातले पाचपंचवीस लोक होते, ज्यांनी तीन आठवडे माझे पाणी पिऊन त्याच्या हाताच्या गुणाची तारीफ केली होती.

“कोंडीराम, तुला ठाऊक व्हतं?”

खरे सांगावे तर विषाचा संशय तिथेच फिटला असता. परंतु मग सगळ्या गावाला बाटवले, आणि जाणूनबुजून बाटवले, हे कबूल करावे लागले असते. वाळीत पडलेल्या कोळ्याच्या हातचे पाणी कोण पितो? त्याच्या घरच्या लेकी-सुनांना विहिरीवर कोण चढू देतो? कोंडीरामच्या हातात ओगराळे होते. त्याची आखडलेली बोटे त्याच्या दांड्यावर आणखी आखडली.

“न्हाई, पाटील,” तो म्हणाला.

मकबूलने त्याच्याकडे पाहिले. फार वेळ नाही.

“त्याला काय ठावं न्हाई,” मकबूल म्हणाला. “त्यो उशिरा येतो. माझंच काम हाय ते.”

“निवळी हाय तर खाऊन दाखीव!” केरबा म्हणाला.

“हौ. खातो की.” त्याने पटावरच्या दोन बिया उचलल्या, तोंडात टाकल्या. मग तो माझ्या भावाकडे वळला, आणि त्याने ओंजळ केली.

“पाणी न्हाई!” केरबा मध्ये पडला. “पाण्यानं इख पातळ होतंय. मग खरंखोटं कसं कळंल?”

हे पाटलांना पटले. त्यांनी निकाल सांगितला, आणि तो दिसायला अगदी समतोल होता. नळदुर्गाच्या बसवराज वैद्याला घोडा पाठवायचा. तो येऊन बी तपासील आणि पोरीलाही पाहील. तोवर मकबूलला कोणी हात लावायचा नाही. रांजणांना कोणी हात लावायचा नाही. मकबूलने पाणी प्यायचे नाही. बी काजऱ्याचे असेल तर विष चढेल, निवळीचे असेल तर काही होणार नाही.

या परीक्षेत एकच दोष होता. निरपराध मनुष्य निरपराध ठरायला जितका वेळ लागणार होता, तितका वेळ वैशाखाच्या उन्हात तो जिवंत राहील की नाही, हा हिशेब तीत कोणी धरला नव्हता. करंजाची सावली आजारी मुलीला आणि तिच्या माणसांना दिली. मकबूलला सडकेपलीकडच्या मैलाच्या दगडाला, सर्वांना दिसेल असे, बैलाच्या कासऱ्याने बांधले. त्याने कोरड्या घशाने दोन्ही बिया गिळल्या. आदल्या संध्याकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. पहिला वाटसरू प्याल्यावर प्यायचे, हा नियम तुम्ही ध्यानात ठेवला आहेच.

वैद्य घरी सापडला नाही. तो कोणा रोग्याकडे गेला होता. त्याला शोधण्यात सकाळ गेली.

दोन प्रहरी मकबूलची बायको नसीमबी तांब्यात घरचे पाणी घेऊन आली. गावात मुसलमानांची घरे दोनच. ती वाकलेली, एकटीच आली.

“उतारा आणलाय म्हातारीनं!” केरबा ओरडला.

“उतारा कसला रे बाबा,” ती म्हणाली. “पाणी हाय. तुझ्या माईची शपथ, पाणी हाय.”

पाटील तिच्याजवळ गेले. “भाभी, दम धरा जरा. वैद्य आता येईल. आला की मी माझ्या हातानं पाजतो.” त्यांनी तांब्या तिच्या हातून घेतला आणि हळूच, सांडू नये अशा बेताने, बाजूच्या दगडावर ठेवला. ती तिथेच मातीत बसली. तांब्यातले पाणी उन्हात तापू लागले.

कोंडीराम माझ्या शेजारी बसून होता. दिवसभरात मकबूल त्याच्याशी एकदाच बोलला. त्याचा आवाज सडक ओलांडून जेमतेम आला.

“कोंडीबा. नवाबला पाणी दाखव.”

जनावराला पाणी द्यायला कोणाचीच हरकत नव्हती. कोंडीराम उठला, रेड्याला विहिरीवर घेऊन गेला, त्याने त्याला पोटभर पाणी पाजले आणि परत आणून बांधला. येताना तो मैलाच्या दगडापासून दोन हातांवरून गेला. त्याचे हात मनगटापर्यंत ओले होते, आणि बोटांवरून थेंब गळत होते. तो थांबला नाही. ही त्याची दुसरी चूक. हिच्याविषयी माझ्या मनात काही वाद नाही.

मी काठोकाठ भरलेला होतो. माझा भाऊही. माझ्या प्रत्येक छिद्रातून पाणी पाझरत होते, गोणपाट भिजून खाली खापरीत थेंब पडत होते, आणि चिमणी येऊन ते पीत होती. एवढे पाझरूनही माझा एक थेंब सडक ओलांडू शकला नाही.

सूर्य कलला तेव्हा मकबूलची मान पुढे पडली. ओठ काळे झाले होते. जीभ बाहेर दिसत होती.

“चढलं!” केरबा म्हणाला. “बघा! इख चढलं!” आणि लोकांत समाधानाची एक कुजबुज पसरली. आपण अन्याय केला नाही, हे कळल्यावर माणसे जसा श्वास सोडतात, तसा त्यांनी सोडला. त्यानंतर तर पाणी द्यायचा प्रश्नच उरला नाही.

मित्रांनो, या हकीकतीतला शेवटचा शब्द माझा नाही. तो ज्याचा आहे त्याच्याकडे जाण्याआधी माझे उरलेले सांगून टाकतो.

ती मुलगी वाचली. वैद्याने तिला माझेच पाणी मीठ-साखर घालून चमच्याचमच्याने पाजले, आणि तिसऱ्या दिवशी ती गाडीत उठून बसली. पाणपोई मात्र मोडली. कोंडीराम मृग निघेपर्यंत रोज झुंजुरक्याला येत राहिला. तो दोन्ही रांजण एकटाच भरी. मग निवळीचे बी घेऊन, आखडलेल्या बोटांनी, आधी माझ्या भावाला आणि नंतर मला आतून घाशी. बी निसटे, तो तळातून पुन्हा शोधून काढी. भर उजेडात, गाव पाहत असताना तो हे करी. त्याला वाळीत टाकले काय? टाकले नाही, कोणाला काही विचारावेसेच वाटले नाही. जी शिक्षा टाळण्यासाठी तो एक शब्द खोटा बोलला, ती शिक्षा त्याला कधी झालीच नसती की काय, हे आता कोण सांगणार? पाणी प्यायला कोणी येत नसे. पहिला वाटसरू येत नसे, म्हणून तोही पीत नसे. पुढे भादव्यात हिंदुस्थान सरकारच्या फौजा आल्या, निजामाचा अंमल गेला, आणि उलट्या दिशेने तशीच गाठोडी घेतलेली दुसरी माणसे सडकेवरून जाऊ लागली. नसीमबी त्यांत होती. नवाब तिच्या मागून चालला होता. माझा भाऊ त्याच सुमारास कोणीतरी दगडाने फोडला. मला एका गोठ्यात नेऊन माझ्यात पेंड भिजवली; मग तडा गेल्यावर शाळेच्या मागे टाकले. तिथे मी अर्धा मातीत रुतलो आहे, आणि तुम्ही मधल्या सुट्टीत माझ्यात कागदाचे बोळे टाकता. टाका. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी विनंती निराळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, आणि कधी ना कधी कोणाची तरी चौकशी करण्याची पाळी तुमच्यावर येईल. चौकशी कसून करा. कसोशीने खरेखोटे निवडणे हे चांगलेच काम आहे. परंतु ज्याची चौकशी करायची त्याला आधी पाणी द्या. तो गुन्हेगार ठरला तरी ते पाणी वाया जात नाही. आणि त्या वेळी तुमच्या हातात ओगराळे असेल, तर आपल्याला काय ठाऊक आहे ते मोठ्याने सांगा. हे दोन नियम पाळायला फार धैर्य लागत नाही असे मी म्हणत नाही. लागते. कोंडीराम वाईट मनुष्य नव्हता.

आता त्या तिसऱ्या प्रहरी परत येतो. घोड्यावरून उतरलेल्या बसवराज वैद्यांना लोकांनी ओढतच करंजाखाली आणले. पांढरे उपरणे, कपाळाला भस्म, शांत मनुष्य. त्यांनी पटावरचे एक बी उचलले, उन्हात धरून निरखले, फरशीवर घासले, आणि तो कीस जिभेवर ठेवला. लोक श्वास रोखून पाहत होते. काजरा असता तर कडवटपणाने त्यांचे तोंड वाकडे झाले असते. ते तसेच राहिले. मग त्यांनी ओगराळे मागितले. कोंडीरामच्या हातून ते सुटेना. वैद्यांना त्याची बोटे एकेक करून सोडवावी लागली. ते माझ्यातले पाणी प्याले, आणि त्यांनी मुलीची नाडी पाहून द्वारकाबाईला विचारले की, काल ही कुठले पाणी प्याली. तिने नाल्याचे नाव सांगितले.

त्यानंतर ते सडक ओलांडून मैलाच्या दगडाशी गेले. खाली बसले, मकबूलचे मनगट हातात घेतले, ते बराच वेळ धरून ठेवले, आणि हळूच त्याच्या मांडीवर ठेवले. पाटील मागे उभे होते. त्यांनी दगडावरचा तांब्या उचलून हातात घेतला होता.

“अप्पा,” पाटील म्हणाले, “कोणतं इख व्हतं?”

वैद्यांनी एकदा तांब्याकडे पाहिले, एकदा पलीकडे, आम्हां दोन भरलेल्या रांजणांकडे.

“इखानं इथं कुणी मेलं न्हाई, पाटील,” ते म्हणाले. “हा माणूस तहानेनं मेलाय.”